चुकांचा रकाना

क्रिकेटमध्ये प्रेक्षकांत गेलेला चेंडू मुकाट्याने परत द्यावा लागतो. बेसबॉलमध्ये तो ज्याच्या हाती लागेल त्याने खुशाल घरी न्यायचा! ना पावती, ना सही. टाचण्यांच्या डबीसाठी फॉर्म भरून साहेबांची सही घेणाऱ्या बँकेतल्या माणसाला हे नुसतं बघूनच घाम फुटतो.

बोस्टनला भाच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याने मला फेनवे पार्कवर नेलं. मैदान १९१२ सालचं. डावीकडे सदतीस फूट उंच हिरवी भिंत. तिला तिथली मंडळी लाडाने 'ग्रीन मॉन्स्टर' म्हणतात. भिंतीच्या पायथ्याशी धावफलक, आणि आत माणसं बसून आकड्यांच्या पाट्या हाताने लावतात. कॉम्प्युटरच्या माहेरी हे दृश्य बघून मला अगदी गहिवरून आलं.

"मामा, नऊ डाव. तीन गडी बाद झाले की पाळी संपली," भाचा समजावत होता. चेंडू टाकतो तो पिचर. २०२३ पासून त्याच्यापुढे घड्याळ लावलंय. बेसवर कोणी नसेल तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा. (हे आमच्या मॅनेजरच्या कानावर जाऊ नये. काउंटरवर घड्याळ यायला वेळ लागणार नाही.) पिचरची नजर चुकवून पुढचा बेस गाठला तर ती चोरी, आणि ती चक्क खेळाडूच्या खात्यावर जमा!

पण मी अडकलो तो फलकावरच्या 'ई'च्या रकान्यात. ई म्हणजे एरर. सोपा झेल सुटला की एक अधिकारी ठरवतो, ही चूक. भरल्या मैदानासमोर आकडा चढतो आणि पुढचा चेंडू पडतो. बस्स. आमच्याकडे संध्याकाळी रोकड चार रुपयांनी जुळली नाही तर घरी जायची सोय नाही.

"आणि मामा, दहांत तीनदा नीट मारतो तो इथे मोठा बॅट्समन. इथल्याच टेड विल्यम्सची १९४१ साली .४०६ सरासरी होती. लोक अजून नाव काढतात."

"म्हणजे दहांत सहा वेळा नापास?"

"जवळजवळ." मग मैदानाकडे बघतच तो म्हणाला, "माझी नोकरी गेली, मामा. व्हिसाला साठ दिवसांची मुदत असते. एकवीस गेले. आईला सांगितलं नाहीये."

ताई अजून प्रत्येक बारशाला 'आमचा बोस्टनचा' म्हणून सुरू होते. माझ्या हातातला पॉपकॉर्न तसाच राहिला.

"मुलाखती किती दिल्यास?"

"सात."

"सगळ्या गेल्या?"

"हं."

"मग अजून तीन आहेत की!"

त्या दिवसात तो पहिल्यांदा हसला. आणि लगेच म्हणाला, "आईला तू सांगशील?"

तेवढ्यात आठव्या डावाच्या मध्यात सगळं मैदान उठून गाऊ लागलं. मीही उभा राहिलो, आणि एक शब्द येत नसताना खच्चून गाऊ लागलो. आमच्या ताईला तुम्ही ओळखत नाही.