पुंगळी रिकामी दिसते, पण टोपी बघितली का?



भुईमुगाच्या शेंगा भरायला लागल्या की आमच्या गडहिंग्लज भागात रानडुकरांचा विषय निघतोच. आजरा-चंदगडकडं तर गवे आणि हत्तीही आहेत. राखणीला गेलं की बॅटरी मारायची, डबा बडवायचा, आरडाओरड करायची, हे सगळं आपण करतोच. ज्यांच्याकडं शेती संरक्षणाचा बंदूक परवाना आहे त्यांचं गाऱ्हाणं वेगळं. काडतुसं महाग, आणि परवान्यावर लिहिलेली तेवढीच मिळणार.

त्यात आता मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ फिरतात. तिकडं लोक उडवलेली काडतुसं घरात बसून परत भरतात. मिलिटरीच्या जुन्या पितळी पुंगळ्या विकत घ्यायच्या, बुडातली टोपी काढायची, नवी बसवायची, दारू आणि गोळी भरायची. आपल्याकडची पोरं ते बघून म्हणतात, "हे काय अवघड आहे? आपण पण करू." म्हणून आज ऊस-भुईमूग बाजूला ठेवून यावर लिहितोय.

आमचे एक चुलते मिलिटरीत होते. ते वारल्यावर त्यांची लोखंडी ट्रंक उघडली. त्यात जुने कागद, पट्टा, मफलर आणि एका कापडी पिशवीत थ्री-नॉट-थ्रीच्या 11 पुंगळ्या निघाल्या. बुडावर 'के. एफ.' असा ठसा आणि साल. के. एफ. म्हणजे पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना, 1869 पासूनचा. एकाही पुंगळीत गोळी नव्हती, दारूही नव्हती. पुतण्या म्हणाला, "रिकाम्याच आहेत. खिळा लावून बुडातली टोपी ठोकून काढतो, घासूनपुसून चांगल्या दिसतील."

मी पुंगळ्या पेपरवर आडव्या मांडल्या आणि एकेकीचं बूड बघितलं. 8 पुंगळ्यांच्या टोपीला मधोमध खड्डा होता, म्हणजे पिन बसलेली, टोपी उडालेली. 3 पुंगळ्यांची टोपी मात्र सपाट होती. एकही खूण नाही. म्हणजे त्या तिन्ही जिवंत. पुतण्याच्या हातातला हातोडा आधी काढून घेतला.

मग तालुक्यातल्याच एका निवृत्त आर्मरर मित्राला फोन लावला. मिलिटरीत बंदुका दुरुस्त करण्यात त्याची नोकरी गेली. त्यानं जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

काडतुसाचे चार भाग. पितळेची पुंगळी (70 टक्के तांबं, 30 टक्के जस्त), तिच्यात दारू, तोंडाला गोळी आणि बुडाला टोपी. दिवाळीत पोरं पिस्तुलात टिकली फोडतात ना, टोपीचं काम तसंच. फक्त इथं तो मसाला धातूच्या वाटीत दाबून बसवलेला असतो, आणि टिकलीपेक्षा फार जोरकस. जुन्या काळी तो पाऱ्यापासून केलेला असायचा, पुढं शिशापासून केलेला आला. वजन म्हणाल तर गव्हाच्या एका दाण्याएवढं. पण बंदुकीची पिन बसली की मसाला आतल्या छोट्या ऐरणीवर चिरडतो, ठिणगी भोकातनं आत जाते आणि दारू पेटते. दारू नसली तरी टोपी फुटायची ती फुटतेच. मग वाटीचा पत्रा उडतो, आणि ठोकणाऱ्याचं तोंड बरोबर वरच असतं.

आता खिळ्याची गोष्ट. टोपी बसवायच्या दोन पद्धती आहेत, दोन्ही 1866 सालच्या. एक बॉक्सर नावाच्या इंग्रजाची, दुसरी बर्डन नावाच्या अमेरिकनाची. बॉक्सरमध्ये ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीला मधोमध एक भोक असतं. त्या भोकातनं आतून काडी घालून टोपी ढकलता येते. बर्डनमध्ये ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि दोन बारीक भोकं बाजूला असतात. मधनं काडी जायला वाटच नाही. गंमत म्हणजे आज अमेरिकेत बॉक्सरची पद्धत चालते आणि इंग्रजांच्या थ्री-नॉट-थ्रीला बर्डनची! आमच्या पुंगळ्या त्यातल्याच. आतनं खिळा ठोकला असता तर तो सरळ ऐरणीवरच बसला असता.

शिवाय मिलिटरीच्या टोपीभोवती पितळ दाबून घट्ट केलेलं असतं, ऑटोमॅटिक बंदुकीत ती सैल होऊन निघू नये म्हणून. त्यामुळं जोर जास्त लागतो, आणि जोर लागला की माणसाला हातोडा आठवतो. तिकडचे जाणकार हातोडा लावतच नाहीत. टोपी फुटते ती फटक्यानं. म्हणून ते दांड्याच्या प्रेसमध्ये, डोळ्याला चष्मा लावून, एकेक टोपी सावकाश दाबून काढतात. तरीसुद्धा त्यांच्यातले बरेच जण जिवंत टोपीला हातच लावत नाहीत.

"तेलात बुडवून ठेवली की मरते," असं गावात एकानं सांगितलं. आर्मरर म्हणाला, यावर अजिबात भरवसा ठेवू नका. टोपीवर लाख किंवा वार्निश असतं, तेल-पाणी आत गेलंच असं नाही, आणि ओली झालेली टोपी वाळल्यावर परत चालू शकते. जुनी आहे म्हणून मेली, हेही खरं नाही.

कायद्याचंही सांगतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा म्हणजे नुसतं भरलेलं काडतूस नाही, त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही त्यात येतात. शेती संरक्षणाचा परवाना बंदूक बाळगायला आणि वापरायला असतो, काडतूस बनवायला नाही. विनापरवाना बनवलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. अमेरिकेतला व्हिडिओ इथल्या कोर्टात उपयोगाला येणार नाही.

आणि हे काम किती वाईट आहे ते पुलगावकरांना विचारा. वर्धा जिल्ह्यात तिथं लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार आहे. जवळच सोनेगाव आबाजीच्या मैदानावर 20 नोव्हेंबर 2018 ला जुना दारूगोळा नष्ट करायचं काम चालू असताना स्फोट झाला आणि 6 जण गेले. त्यात आसपासच्या गावांतून मजुरीला आलेली माणसं होती. तिथं निदान माहीतगार माणसं आणि ठरलेली जागा तरी होती. आपल्या सोप्यात काय आहे?

आम्ही पुंगळ्या आहे तिथंच ठेवल्या आणि पोलीस पाटलांना बोलावलं. त्यांनी ठाण्याला कळवलं, पोलीस आले, पंचनामा केला आणि सगळ्या 11 घेऊन गेले. कुणी त्रास दिला नाही. भंगारवाला आदल्या दिवशी पितळ किलोवर मागत होता. 11 पुंगळ्या म्हणजे जेमतेम सव्वाशे ग्रॅम. एका मिसळीचे पैसे झाले असते. त्यासाठी पोराचा डोळा पणाला लावायचा?

तुमच्याकडं जुनी ट्रंक असेल, आजोबा-चुलते मिलिटरीत असतील, तर एवढं करा. असं काही सापडलं तर पोरांना लांब करा. ठोकू नका, तापवू नका, चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका, भंगारात घालू नका, खिशात घालून ठाण्यातही नेऊ नका. पोलीस पाटलांना सांगा किंवा 112 ला फोन करा. टोपीला खड्डा असला तरी सांगायचंच, कारण ठोका बसूनही न फुटलेली टोपी असू शकते.

आणि परवानेवाल्यांनो, काडतुसं कमी पडत असतील तर संख्या वाढवून मागायचा रीतसर अर्ज करा. वेळ लागेल, हेलपाटे होतील, पण हात शाबूत राहतील. शेंगा काढायला तेच लागणार आहेत.

आज एवढंच. पुढच्या वेळी भुईमुगावरच्या टिक्का रोगाबद्दल लिहितो.