मोहरीएवढे साक्षीदार

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागात बार्बर्टन नावाचे एक गाव आहे. त्याच्या आसमंतातील डोंगरांत पृथ्वीच्या बाल्यावस्थेतील खडक उघडे पडलेले दिसतात. त्यांचे वय तीनशे कोटी वर्षांहूनही अधिक आहे. इतके जुने आणि तरीही इतके धड राहिलेले खडक पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी उरले आहेत.

या खडकांत मधूनच एखादा आगळा थर लागतो. मोहरीएवढे, पुष्कळदा त्याहूनही बारीक असे गोल दाणे त्यात खच्चून भरलेले असतात. हे दाणे आले कोठून? ज्वालामुखीतूनही असे थेंब उडतात; तेव्हा तशी शंका घेणारे काही अगदीच चुकत नव्हते. परंतु १९८६ साली डोनाल्ड लो व गॅरी बायर्ली या अमेरिकन भूवैज्ञानिकांनी निराळा तर्क मांडला. प्रचंड अशनी आदळला, म्हणजे तो स्वतः आणि त्याखालचा खडक यांची क्षणार्धात वाफ होते. ती आकाशात सर्वदूर पसरते, निवते, तिचे थेंब गोठतात आणि पृथ्वीवर दगडांचा पाऊस कोसळतो! पुढे या थरांत इरिडियम हा धातू विपुल सापडला. भूपृष्ठावर तो अत्यंत दुर्मीळ, अशनींत मात्र त्यामानाने बराच. तेथील क्रोमियमच्या हलक्या व जड अणूंचे प्रमाणही पृथ्वीवरील क्रोमियमशी जुळेना. ते जुळले अशनींशी.

ज्या विवरांतून हा पाऊस उडाला, त्यांचा आज मागमूसही नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर शाबूत आहे, कारण ते त्यामानाने कालपरवाचे. ती प्राचीन विवरे केव्हाच नाहीशी झाली. उरले ते हे दाणे.

यांपैकी एक थर ३२६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. डायनासोरांचा काळ संपवणाऱ्या अशनीहून हा अशनी ५० ते २०० पट जड असावा, असा अंदाज आहे. त्याच्या आघाताने उसळलेल्या लाटांनी समुद्रतळ उखडला, वरचे पाणी उकळले, धुळीने सूर्य झाकोळून गेला. त्या काळी जीवसृष्टी म्हणजे केवळ एकपेशीय सूक्ष्मजीव. ते बिचारे नामशेषच झाले असतील, असे कोणालाही वाटेल. परंतु नाद्या ड्रॅबन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या थराच्या खालचे आणि वरचे खडक तपासले, आणि २०२४ साली वेगळीच हकिकत प्रसिद्ध केली. उन्हावर जगणाऱ्या जीवांची हानी झाली खरी. पण लाटांनी खोल पाण्यातील लोह वर आणले, अशनीबरोबर फॉस्फरस आला, आणि लोहावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची त्याच समुद्रात भरभराट झाली.