सांगितलेले दुखणे

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम हे गाव लागते. सभोवती भाताची खाचरे, मधूनमधून केळीच्या बागा आणि कावेरीची कुडमुरुट्टी नावाची शाखा, असा हा सुपीक मुलूख आहे. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला आपली गादी स्थापन केली. त्यांच्या काळात आणि त्यानंतर अनेक मराठी घराणी या प्रदेशात येऊन स्थायिक झाली. 1855 साली ते राज्य संपले. परंतु काही घरांतील मराठी मात्र संपली नाही. उंबऱ्याबाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत तमिळ शब्दांनी भरलेली जुन्या वळणाची मराठी, अशी ही माणसे आजही बोलतात.

पापनाशममधील अशाच एका घरात ही घटना घडली.

घरात माणसे पाच. आजोबा शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आजींना गुडघेदुखीमुळे फार वेळ उभे राहवत नसे. मुलगा एका भातगिरणीत हिशेब लिही. सून सव्वीस वर्षांची आणि तिची थोरली मुलगी सहा वर्षांची. पहाटे अंगणात सडा घालून कोलम काढण्यापासून रात्री दुधाला विरजण लावण्यापर्यंत घराचा सारा गाडा सुनेच्या हातांनी चाले. तो इतका सहज चाले, की त्यामागे कोणाचे कष्ट आहेत, हे कोणाच्या ध्यानातही येत नसे.

सुनेला दुसरा मुलगा झाला. प्रसूती सरकारी रुग्णालयात सुखरूप पार पडली. तिसऱ्या दिवशी ती बाळासह घरी आली. घरात सहावे माणूस आले. आजींनी डिंकाचे लाडू वळले. शेजारच्या अक्कांनी तमिळ घरांतील बाळंतिणीसाठी करतात ते लेह्यम आणून दिले. ईशान्य मोसमी पावसाचे दिवस होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत शेगडीची ऊब होती. सर्व काही ठीक आहे, असेच सर्वांना वाटले.

सहाव्या दिवशी घरात षष्ठीपूजनाची तयारी सुरू झाली. सुनेचे डोके पहाटेपासून दुखत होते. “जागरणाने दुखत असेल,” असे ती स्वतःलाच समजावत राहिली. दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. पानातील भात धूसर दिसू लागला. पायांवर सूज होती. पण बाळंतिणीच्या पायांवर थोडी सूज असायचीच, असे सर्वांनीच धरले होते. आजींनी एकदा विचारले, “अगं, चेहरा असा का दिसतो तुझा?” ती म्हणाली, “काही नाही आई. थोडं पडते, म्हणजे बरं वाटेल.” घरात मंगल कार्य, आजींचे गुडघे दुखणारे, पावसाने थोरलीचा गणवेश वाळलेला नाही, अशा वेळी आपले दुखणे कोठे सांगत बसायचे, असा तिचा विचार होता. ज्यांच्या आधाराने घर उभे असते, त्यांचे दुखणे घराला नेहमी सर्वांत शेवटी कळते.

दिवेलागणीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवण्यात आली. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते, असा समज आहे. थोरली आईजवळ बसून पाढे म्हणत होती. एकाएकी आईचे डोळे वर फिरले, जबडा घट्ट मिटला, हातपाय ताठ झाले आणि सारे शरीर झटक्यांनी हादरू लागले.

घरात एकच आकांत झाला. आजोबांनी किल्ल्यांचा जुडगा आणून तिच्या मुठीत कोंबण्याचा प्रयत्न केला. मुलगा चमचा घेऊन तिचे दात उघडू लागला. आवाज ऐकून अक्का धावत आल्या. त्यांनी प्रथम गावातील आरोग्य परिचारिकेला फोन लावला. पलीकडून शांत, पण ठाम आवाज आला : तिला डाव्या कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. जवळच्या टणक वस्तू दूर करा. झटका केव्हा सुरू झाला, ते लिहून ठेवा आणि ताबडतोब 108 ला फोन करा.

लिहायला हाताशी दुसरे काही नव्हते. अक्कांनी पाटावरचा कोरा कागद उचलला आणि त्यावर वेळ लिहिली.

तमिळनाडूत 108 ही रुग्णवाहिकेची सेवा 2008 साली सुरू झाली होती. पावसातून गाडी आली. गाडीतील कर्मचाऱ्याने रक्तदाब मोजला. वरचा आकडा 180 आणि खालचा 120 होता. गावातील रुग्णालयात पहिले इंजेक्शन देऊन तिला सुमारे पंचवीस किलोमीटरवरील तंजावरला हलवण्यात आले. वाटेत तिला दुसरा झटका आला.

या आजाराला वैद्यकशास्त्रात ‘एक्लॅम्प्शिया’ म्हणतात. गरोदरपणात रक्तदाब वाढतो, त्याचा परिणाम मेंदू, मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांवर होतो आणि रुग्णाला झटके येतात. बाळंतपण झाले म्हणजे धोका टळला, असे अनेकांना वाटते. परंतु प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत हा आजार डोके वर काढू शकतो. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब ठीक होता, अशा स्त्रियांनाही तो होतो. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमक किंवा अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, ही त्याची पूर्वसूचना असते. सुनेला त्यातील दोन खुणा सकाळपासून दिसत होत्या. त्या कोणत्या आजाराच्या आहेत, हे मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

या आजारावरचे मुख्य औषध महाग नाही. ते आहे मॅग्नेशियम सल्फेट. 33 देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांचा सहभाग असलेला एक मोठा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. रक्तदाबाचा हा विकार असलेल्या स्त्रियांना वेळेवर हे औषध दिले, तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, असे त्यात दिसून आले. परंतु औषधाचे प्रमाण अधिक झाले, तर स्नायू शिथिल होतात आणि श्वासही मंदावतो. म्हणून रुग्णाच्या उशाशी सतत कोणीतरी जागे असावे लागते.

तंजावरच्या अतिदक्षता विभागात ही जागी असलेली व्यक्ती म्हणजे एक प्रौढ परिचारिका होती. ती ठरलेल्या वेळी येई. श्वास मोजी, लघवीच्या पिशवीतील माप पाही आणि मग एका लहानशा रबरी हातोडीने सुनेच्या गुडघ्याखाली हलकेच ठोकी. पाय किंचित उडाला, की तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. पाय उडतो, याचा अर्थ औषध मर्यादेत आहे, हे तिने मुलाला समजावून सांगितले होते. सून बेशुद्ध होती. ती बोलत नव्हती, डोळे उघडत नव्हती. काचेपलीकडून मुलाला दिसे, ती तेवढी एकच हालचाल. तो घरी फोन करून सांगे, “पाय उडाला.” पापनाशमला आजी ते शब्द अक्कांना सांगत आणि अक्का गल्लीला.

घरी बाळाचा प्रश्न होता. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात आजी त्याला दूध पाजू लागल्या. मराठी घरांत ज्याला बोंडले म्हणतात आणि तमिळ घरांत पालाडै, त्या चोचीच्या लहानशा भांड्याने त्या थेंबथेंब दूध बाळाच्या ओठांत सोडत. दर वेळी ते भांडे उकळत्या पाण्यातून काढायचे, हा नियम अक्कांनी घालून दिला होता. स्वयंपाकही त्यांच्याच घरून येई. सर्व माणसे बाळाभोवती आणि फोनभोवती गुंतलेली असताना थोरली मात्र कोपऱ्यात बसून असे. तिने पाढे म्हणणे सोडले होते. आपण पाढे म्हणत होतो, म्हणूनच आईला असे झाले, अशी तिची समजूत झाली होती. ती तिने कोणालाही सांगितली नाही.

आजोबा रुग्णालयाच्या आवारात इतर नातेवाइकांबरोबर बसून राहत. दुसऱ्या रात्री एका अनोळखी शेतकरी बाईने आपल्या डब्यातील चिंचेचा भात त्यांच्यापुढे केला. तिची लेकही आतच होती. तो घास घेताना आजोबांना आपण वर्गात शिकवलेला एक प्रसंग आठवला. तंजावरच्या मराठी राजांनी यात्रेकरूंसाठी ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. त्या छत्रांच्या खर्चाला हात लागू नये, म्हणून 1801 साली सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिले. आजारी वाटसरूंना तेथे वैद्य आणि औषध मिळते, गरोदर स्त्रियांचे बाळंतपण छत्राच्या खर्चाने होते आणि प्रसूतीनंतर तीन महिने त्यांना तेथे राहता येते, असे राजांनी त्या पत्रात नमूद केले होते. आजोबा वर्गात हे पत्र दरवर्षी सांगत. बाळंतिणीला तीन महिने का, हा प्रश्न मात्र त्यांना कधी पडला नव्हता. तो त्या रात्री पडला आणि त्याचे उत्तरही समोरच होते. बाळाच्या जन्माबरोबर आईचे संकट संपत नाही, हे त्या काळच्या माणसांनी ओळखले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेने डोळे उघडले. तिचे पहिले शब्द मराठीत होते : “बाळ प्यालं का?” परिचारिकेला मराठी येत नव्हते. मुलाने भरल्या गळ्याने त्याचा अर्थ तमिळमध्ये सांगितला. परिचारिका म्हणाली, की हा प्रश्न तिला कोणत्याही भाषेत कळला असता.

सून दहा दिवसांनी घरी आली. ती घरी आली म्हणजे आजार संपला, असे घराला वाटले. पण खरी परीक्षा तेथून पुढे होती. तिला जिना चढवत नव्हता. बोलता बोलता शब्द हरवत. षष्ठीपूजनाचा दिवस तिच्या आठवणीतून पूर्णपणे पुसला गेला होता. आपल्याला काय झाले, हे तिला इतरांकडून ऐकावे लागे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. रोज सकाळ-संध्याकाळ आरोग्य परिचारिका येई, तिला जमले नाही तर मुलगा उपकेंद्रात घेऊन जाई. आकडे लिहिण्यासाठी मुलाने तोच षष्ठीचा कागद पुढे वापरला. 160, 150, 146, 138. हिशेब लिहिण्यात त्याची उमर गेली होती. पण उतरणारे आकडे पाहून इतका आनंद त्याला पूर्वी कधी झाला नव्हता.

त्या दिवसांत घराला सुनेच्या कामाची मोजदाद झाली. मुलगा पहाटे उठून पाणी भरू लागला, भात आणि वरण शिकला. आजोबांनी भांडी घासायला घेतली. पहिल्या दिवशी अंगणात काढलेले त्यांचे कोलम पाहून गल्लीतील मुले हसली. आजोबाही हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायला बसले.

थोरली मात्र आईजवळ जाईना. आईने हाक मारली, की ती आजीच्या पदराआड लपे. आईचे शरीर पुन्हा तसेच हादरेल, ही भीती तिच्या मनातून जात नव्हती. एका संध्याकाळी आईने तिला जबरदस्तीने जवळ घेतले नाही, नुसते विचारले, “आता पाढे म्हणत नाहीस?” मुलीला रडू कोसळले. “मी पाढे म्हटले, म्हणून तुला झालं.” घरातील सर्व माणसे स्तब्ध झाली. इतके दिवस या चिमुरडीने केवढे ओझे एकटीने वाहिले होते! आई हळूच म्हणाली, “नाही गं. माझं डोकं सकाळपासूनच दुखत होतं. मी कोणाला सांगितलं नाही. ती चूक माझी होती, तुझी नव्हे.”

आजी मान खाली घालून म्हणाल्या, “चूक तुझी एकटीची नव्हे. आम्हीही एकदाच विचारलं.”

2004 ते 2006 या काळात तमिळनाडूत दर एक लाख जिवंत जन्मांमागे 111 मातांचा मृत्यू होत असे. 2018 ते 2020 या काळात तो आकडा 54 वर आला. रुग्णवाहिका, औषधे, डॉक्टर आणि परिचारिका यांनी मिळून हे घडवले. पण या साऱ्या व्यवस्थेचे पहिले दार घरातच असते. बाईने आपले दुखणे सांगितले आणि घराने ते ऐकले, तरच पुढची दारे वेळेवर उघडतात.

त्या घरात आता एक नवी रीत पडली आहे. शाळेला निघताना थोरली उंबऱ्यावर थांबते आणि विचारते, “आई, डोकं दुखतंय का?” बहुतेक दिवशी उत्तर ‘नाही’ असे येते. एकदा आई म्हणाली, “हो, आज थोडं दुखतंय.”

थोरलीने दप्तर खाली ठेवले. आजोबांनी हातातले वर्तमानपत्र मिटले. मुलाने गिरणीत फोन करून उशिरा येईन म्हणून सांगितले आणि तो तिला रक्तदाब तपासायला घेऊन गेला. आकडा ठीक होता. त्या दिवशी खरोखरच तिची झोप अपुरी झाली होती. परत आल्यावर तिने अंथरूण घातले आणि भरदुपारी निःशंकपणे झोपली. घरात कोणीही तिला उठवले नाही.