खोळ

जोतिबाचा गुलाल रेक्झिनमधून निघत नाही. साबण लावा, रॉकेल लावा, टूथपेस्ट लावा. वरचा जातो, आत मुरलेला तसाच राहतो. चैत्र पौर्णिमेची यात्रा झाली की दुसऱ्या दिवसापासून माझ्या वडिलांच्या, आबांच्या, दुकानासमोर वडापच्या, म्हणजे शेअर भाड्याच्या, ट्रॅक्स गाड्या रांगेनं उभ्या राहायच्या आणि प्रत्येक ड्रायव्हरचं गाऱ्हाणं तेच. आबा ओलं बोट सीटवर घासून बघायचे आणि म्हणायचे, "भावा, हे आता सीटबरोबरच जाणार. पुढच्या खेपेला मरून घालू. पडला तरी दिसायचा नाही."

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं आणि रंग त्याच्याच वाटेनं आत शिरतो. नव्या जीनची निळाई फिक्या सीटवर उतरते तीही अशीच. पुढं काही वर्षांनी, उन्हानं आणि घामानं ते द्रव्य उडून गेलं की रेक्झिन कडक होतं आणि तडकतं. हे सगळं मला फार उशिरा कळलं. आबांना कारण ठाऊक नव्हतं, पण मरून रंगाचा गठ्ठा ते फाल्गुनातच आणून ठेवायचे.

दुकान कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, दोन लेथवाल्यांच्या मधे, पत्र्याच्या शेडमध्ये. 'सर्व गाड्यांचे कुशन व हूड शिवून मिळेल' अशी पाटी. आत सोल्युशनचा वास, काथ्याची धूळ, आणि लेथच्या किरकिरीला न जुमानणारी शिलाई मशीन. आबा सीट मढवायला बसले की मूठभर चुका तोंडात टाकायचे. जिभेनं एकेक चूक डोक्याकडून ओठांवर यायची, डाव्या हातानं उचलली जायची, हातोडीचा एक ठोका हलका, दुसरा पक्का. गिऱ्हाईक काय वाट्टेल ते बोलत असे. आबा चुका संपेपर्यंत हूं की चूं करत नसत. त्यामुळं फार समजूतदार माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. घरी तोंडात चुका नसत, तेव्हाचे आबा आम्हाला माहीत होते.

माप घ्यायच्या आधी मात्र ते एक प्रश्न विचारायचे: "बसणार कोण?"

डॉक्टरची फियाट असेल तर पायपिंग, मधे चौकटी, वर पांढरं टॉवेलिंग. वडाप असेल तर पायपिंग अजिबात नाही, कारण चढता-उतरता घासून आधी तीच फाटते. टीप दुहेरी पण लांब टाक्याची. बारीक टाका घातला तर रेक्झिनला इतकी जवळजवळ भोकं पडतात, की टपाल तिकिटासारखं ते त्या रेषेवर फाटून येतं. हे ते मला शिकवायचे, कारण शाळा सुटल्यावर मी दुकानात जाऊन बसायची आणि दोऱ्याची रिळं भरायची. वडापमध्ये माणसं बसतात ही निम्मीच गोष्ट. गोकुळच्या डेअरीकडं निघालेल्या किटल्या बसतात, आषाढात कोंबड्या बसतात, पोटाशी धरलेलं करडू बसतं आणि उतरायच्या आधी आपली खूण ठेवून जातं. गुऱ्हाळाच्या दिवसांत गुळाचा रवा मांडीवरून सीटवर सरकतो. उन्हात तो पाझरतो, टीप जिथं असते तिथून आत उतरतो, आणि दोन दिवसांनी मुंग्या सीटच्या पोटात घर करतात. एकदा आबांनी तशी सीट उसवली तेव्हा मी शेजारी होते. काथ्याच्या गुंत्यात काळी, चिकट ढेप, आणि तिच्याभोवती मुंग्यांची पांढरी अंडी. आबांनी सगळा काथ्या रस्त्यावर नेऊन पेटवला. उसाच्या गावात गुळानं सीट जाते, याचं त्यांना नवल वाटलं नाही. ड्रायव्हरलाही नाही.

आबांची सुरुवात टांग्यांपासून झाली होती. टांग्याच्या बैठकीत काथ्या आणि वर मेणकापड. एसटीचंही तेच होतं म्हणे. 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली तिच्यात लाकडी सांगाडा आणि काथ्याच्या गाद्या होत्या. दुकानात दुपारी जुनी माणसं बसायला यायची, त्यांच्या गप्पा हटकून संस्थानाच्या काळात जायच्या. शाहू महाराजांचा खडखडा, नवी घोडी शिकवायला जुंपलेला, त्यातून केलेली रपेट. आणि चित्ते. कोल्हापूरच्या चित्तेखान्याचं नाव सगळ्या हिंदुस्थानात होतं. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत बसवून माळावर न्यायचे. काळविटं माणसाला बुजतात, गाडीला बुजत नाहीत, म्हणून गाडी कळपाच्या जवळ घालायची आणि मग टोपी काढायची. देशातला चित्ता संपला, तेव्हा आफ्रिकेतून आणून हा शौक काही काळ चालवला. पुढं तोही गेला. 1952 साली चित्ता नामशेष झाल्याचं सरकारनंच सांगितलं.

या गोष्टी ऐकणारी बाकीची मंडळी चित्त्याच्या झेपेत रमायची. आबांचा प्रश्न वेगळा. "त्याला बसायला काय घालत हुते?" चित्त्याची नखं मांजरासारखी पुरती आत जात नाहीत, कुत्र्यासारखी बाहेरच असतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मग गादी टिकेल कशी? एक म्हातारे म्हणाले, "फळी असंल की. मऊवर पाय रुतला तर जनावर उडी कशी मारंल?" आबांना ते पटलं. मलाही आजवर पटलेलं आहे. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा गर्दी गाडी बघते, आणि मी टाचा उंचावून तिच्या बैठकीचं काम दिसतं का ते बघते. दिसत नाही. माणसं फार असतात.

घरी मात्र 'बसणार कोण' हा प्रश्न आमच्या आईनं उलटा केला होता. आबांनी घरासाठी एकच सोफा केला, गडद लाल मखमलीचा, आणि आईनं तो त्याच दिवशी मांजरपाटानं झाकला. इचलकरंजीचं कोरं मांजरपाट. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला, त्याची फळं आमच्या सोफ्यापर्यंत पोचली होती. खोळीला पाठीमागं नाड्या. आम्ही मखमलीवर बसायचं नाही, मांजरपाटावरही पाय वर घेऊन बसायचं नाही. मी कुरकुरले की आई म्हणायची, "पाव्हणं आलं की काढतो की मी." पाव्हणं म्हणजे कोण हे ठरलेलं होतं. आत्या-मामा त्यात बसत नव्हते. मला बघायला आले तेव्हा खोळ निघाली. माझ्या नवऱ्याला त्या दिवसाचं दुसरं काही आठवत नाही, मखमल आठवते. लग्नानंतर पहिल्या सणाला आला तर सोफा पांढराफटक. त्यानं मला हळूच विचारलं, "तो परवाचा सोफा भाड्यानं आणला होता का?"

आई गेल्यावर तो सोफा उसवला. मखमल नवी कोरी, रंगाचा एक कण उडालेला नाही. आतला फोम मात्र पिवळा पडून भुगा झालेला. हात लावला की झरझर गळायचा. फोमला बसणाऱ्याची गरज नसते, तो हवेनं आणि वयानंच मरतो. त्या मखमलीच्या मी उशा केल्या आणि पाच-सहा वर्षांत झिजवून टाकल्या. आईला हे आवडलं नसतं.

सासरी तर खुर्च्यांवरचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा काढत नसत. उन्हाळ्यात मांडी चिकटायची. त्याबद्दल एवढंच पुरे.

निवृत्तीनंतर आम्ही जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिची राहण्याजोगी गाडी करून घेतली. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, पेपरात फोटो आले, तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात हे होतं. बिछाना दिवसा मिटून बैठक होते, बैठकीखाली पेट्या. दिसायला झकास. पण ज्यांनी बांधून दिली त्यांनी फोमखाली सलग प्लाय मारलेला. पहिल्याच पावसाळ्यात आंबोलीत राहिलो. रात्रभर दोन माणसांचा आणि एका कुत्रीचा श्वास बंद गाडीत. अंगाची ऊब फोममधून खाली उतरते, गार प्लायला लागते आणि तिथं पाणी धरतं. सकाळी गादी उचलली तर तळ ओला. आठवड्यात काळे ठिपके. वरच्या कापडाची एवढी काळजी करणाऱ्या जगात बुरशी खालून येते. आता प्लायला भोकं पाडून घेतली आहेत, हवा खेळते, आणि मुक्काम झाला की गाद्या उभ्या करून ठेवायच्या असा नियम आहे.

कुत्री कारवान जातीची, जतकडच्या ओळखीच्यांकडून आणलेली. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड म्हणून जो उंच, पोट खपाटीला गेलेला कुत्रा आहे, त्याच घराण्यातली. मुधोळच्या घोरपडे राजांनी हे कुत्रे विलायतेच्या बादशहाला भेट दिले होते, म्हणून तिचा थोडा राजेशाही हक्क धरून चालावं लागतं. अंगावर मांस नाही, कातडी पातळ. टणक जागी झोपली की कोपरांना घट्टे पडतात. तिला फळी चालत नाही, मऊच लागतं. थंडी वाजते. लोकांना वाटतं बारीक केसांचं कुत्रं म्हणजे त्रास नाही. उलट आहे. झुपकेदार कुत्र्याचे लांब केस गोळा होतात, उचलता येतात. हिचे केस अर्ध्या इंचाचे, ताठ, कापडाच्या विणीत सुईसारखे घुसतात आणि व्हॅक्यूमला दाद देत नाहीत. रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेनं ओढला तर निघतात. खरखरीत, सैल विणीचं कापड तर घालूच नये. नखं अडकतात, एक धागा ओढला जातो, मग ती वाटच पडते.

दुकानात आता भाचा बसतो. त्यानं मला कापडाच्या नमुन्यांचं पुस्तक दाखवलं. मागं प्रत्येक कापडाची मार्टिनडेल चाचणीची संख्या छापलेली: गोल तुकड्यावर लोकरीचं कापड दाबून किती हजार घासे दिल्यावर ते झिजलं. "आत्या, हे बघ, पन्नास हजार." मी म्हटलं, "घासायला माणूस धरलाय की कुत्रं?" यंत्र घासतं, ते नखानं उकरत नाही, झोपायच्या आधी तीन फेऱ्या घेत नाही, ओल्या अंगानं पंचगंगेतून थेट गादीवर उडी मारत नाही. भाचा म्हणाला, "मग लेदरेट घाल." लेदरेट म्हणजे रेक्झिनच, जरा इस्त्रीचं. नखाचं एक भोक पडलं की त्यातून पाणी आत, आणि आत गेलेलं बाहेर येत नाही. कुत्र्याच्या मुताचा वास कोरड्या दिवसांत गप्प बसतो, गगनबावड्याच्या हवेत पुन्हा उठतो.

शेवटी जे केलं ते असं. चाळीस डेन्सिटीचा फोम. त्यावर पातळ, पाणी न शिरणारं कापड. त्यावर घट्ट विणीची खोळ, चेन मागच्या बाजूला, म्हणजे धुवायला काढता येते. आणि सगळ्यात वर वाकळ. आईच्या जुन्या लुगड्यांची, थर घालून धावदोऱ्यानं शिवलेली, चारी कोपऱ्यांना बंद. वेल्क्रो लावून पाहू नका, त्यात केस सगळ्यात आधी अडकतात. वाकळीचं बरं असतं. नखानं वरचं लुगडं फाटलं तर खाली दुसरं निघतं. वर आणखी एक ठिगळ टाकलं की ती जाड होते, म्हणजे बिघडत नाही, सुधारतेच. खोळ जपायला खोळ, हे आईचंच तंत्र झालं, फक्त पाव्हण्यांची वाट न बघता.

गाडीतून हिंडताना रस्त्यावर धनगरांचे कळप भेटतात. खरा तांडा तो. पुढं मेंढरं, मागं घोडी; घोडीच्या पाठीवर घोंगडी, वाकळा, भांडी, आणि सगळ्यात वर आजच जन्मलेलं कोकरू नाही तर कुत्र्याचं पिल्लू, शेजारी पाय बांधलेली कोंबडी. ते जनावर खालच्या वस्तू खराब करेल अशी चिंता कुणाच्या तोंडावर दिसत नाही. एका बाईनं आमच्या गाडीत डोकावून वाकळ चाचपली. "टाकं लई लांब घातलंसा," म्हणाली. बरोबर होतं; मी रेक्झिनच्या हिशेबानं घातले होते, आबांच्या.

नवरात्राच्या आधी कोल्हापुरात घरोघरची अंथरुणं धुवायला निघतात. पंचगंगेचा घाट वाकळांनी भरतो, आपटण्याचा आवाज लांबून येतो. गाडीची वाकळही तेव्हाच निघते. भिजली की दोघांना उचलत नाही. वाळायला दोन दिवस, ढग आले तर तीन. तेवढे दिवस कुत्री बैठकीवर जात नाही. उघड्या खोळीवर तिला झोप येत नाही. ती ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसते, जिथं मी काही शिवलेलं नाही, आणि तिथून हलायला तयार होत नाही. आता नवऱ्याचं म्हणणं, तिथंही खोळ पाहिजे. त्याला कॉर्डरॉय हवं आहे, त्यानं तरुणपणी त्याची पँट घातली होती. मी सांगितलं, त्या पन्हळींत केस बसले की जन्मात निघायचे नाहीत. भाच्याकडं माप दिलंय. कापड ठरायचंय.