पेटीवर पोसलेल्या कानांसाठी

मंडई, पुणे २

ती. काकांस,


तुमचं पत्र पोचलं. जपानी शिकतेस ते ठीक, पण संगणकाची गाणी ऐकतेस हे पटत नाही. तरी चार चांगली नावं कळव, ऐकून मगच शिव्या देईन, असं तुम्ही लिहिलंय. आईनं ते वाक्य आपल्या भाजीच्या गाळ्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. ऐकून मग शिव्या देणारा श्रोता आजकाल मिळतो कुठे? म्हणून नावं नीट निवडून पाठवतेय.

आधी संगणकाच्या या आवाजाविषयी. हात्सुने मिकू नावाच्या या आवाजामागे साकी फुजिता या अभिनेत्रीचा गळा आहे. तिच्याकडून जपानी अक्षरं आणि त्यांचे सांधे म्हणवून घेतले आणि त्या ध्वनींचे तुकडे साठवले. यामाहाच्या व्होकॅलॉइड या तंत्रावर संगीतकार सूर मांडतो, त्याखाली शब्द लिहितो आणि तुकडे जुळून गाणं उभं राहतं. साप्पोरोच्या क्रिप्टॉन कंपनीनं हा आवाज ३१ ऑगस्ट २००७ रोजी बाजारात आणला, सोबत हिरवट निळ्या केसांच्या मुलीचं चित्र. त्याच वर्षी कुणीतरी तिच्याकडून एक फिनिश पोल्का गाऊन घेतली आणि तिच्या हातात नेगी दिली. नेगी म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीची दांडगी जपानी बहीण. मग चाहत्यांनी बाकीच्या व्होकॅलॉइड आवाजांनाही काही ना काही वाटलं: गाकुपोला वांगं, गुमीला गाजर, रिनला संत्रं, लेनला केळं. आमचा धाकटा गाळ्यावर पात नाचवत तीच पोल्का लावतो. गिऱ्हाईक हसतं आणि पातीची जुडी घेऊन जातं. तुम्ही एवढ्यावर भुलणार नाही, हे माहीत आहे.

तुमचा खरा आक्षेप असा, की यंत्राला मींड नाही, श्वास नाही, मग भाव कुठून येणार? काका, मींड नाही म्हणून तर पेटीलाही नावं ठेवली गेली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिला बाहेर काढलं आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. पण १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाला ज्यांनी संगीत दिलं, ते गोविंदराव टेंबे नामांकित पेटीवादकच होते. पेटीला काय जमत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वाद्याचा दोष ओळखून त्याच्याकडून काम करून घेणं, ही कर्तबगारी वाजवणाऱ्याची. मिकूचंही तसंच आहे. तिला गायिका समजून ऐकलंत तर पहिल्या मिनिटाला कंटाळाल. गाणं कुणाचं, ते आधी विचारा.

सुरुवात ‘मेल्ट’नं करा. र्‍यो या संगीतकाराचं हे गाणं डिसेंबर २००७ चं. प्रेमात पडलेली मुलगी, पाऊस, एका छत्रीत दोघं. तोवर मिकूची कितीतरी गाणी स्वतः मिकूविषयीच असायची. इथे ती कुठल्याही चारचौघींसारख्या मुलीचं मन गाते, आणि पुढच्या संगीतकारांना वाट मोकळी होते.

मग खास नाटकवेड्यांसाठी एक जोडी: मोथीची ‘आकु नो मुसुमे’ आणि ‘आकु नो मेशित्सुकाई’, दोन्ही २००८ ची. १४ वर्षांची क्रूर राजकन्या, बंड, गिलोटिन. पहिल्या गाण्यात गोष्ट रिनच्या आवाजात, दुसऱ्यात तीच गोष्ट लेनच्या, म्हणजे तिच्या सेवकाच्या आवाजात. गिलोटिनखाली खरं कोण गेलं, ते दुसऱ्यात कळतं. क्रम बदलू नका. आणि राजकन्या व सेवक या दोघांचेही आवाज आसामी शिमोदा या एकाच बाईंचे आहेत. बालगंधर्वांच्या भक्ताला याचं नवल वाटायचं कारण नाही.

तिसरं वोवाकाचं ‘रोलिंग गर्ल’, २०१० चं. हे अंगावर येईल. शब्दांचा मारा आणि श्वासाला जागा नाही. पण गाणं आहे पुनःपुन्हा कोलमडणाऱ्या, श्वास रोखून धरणाऱ्या मुलीचं. जिला श्वास लागतच नाही, तिच्या तोंडी हे घालणं, यातच संगीतकाराची नजर दिसते. वोवाका पुढे हितोरिए या बँडमध्ये स्वतः गायला लागला आणि २०१९ साली, अवघ्या ३१ व्या वर्षी गेला.

२०१० चंच हाचीचं ‘मात्र्योश्का’ आधी गोंगाट वाटेल, म्हणून त्याला जोडून केन्शी योनेझुचं ‘लेमन’ ऐका. हाची म्हणजेच योनेझु. २०१८ साली ‘लेमन’ त्यानं स्वतःच्या गळ्यातून गायलं आणि जपानभर गाजलं.

कुरोउसा-पीचं ‘सेन्बोन्झाकुरा’ (२०११) लोक सर्वांत आधी सुचवतात. मी ते मुद्दाम मागे ठेवलंय. त्याची चाल इतकी पक्की, की आवाजाकडे लक्षच जात नाही. साचिको कोबायाशी या ज्येष्ठ एन्का गायिकेनं ते २०१५ च्या वर्षअखेरीच्या ‘कोहाकु’ या मोठ्या कार्यक्रमात गायलं. वागाक्की बँडनं कोतो, शामिसेन आणि शाकुहाची ही जपानी वाद्यं घेऊन ते वाजवलं. ते तुम्हाला हमखास आवडेल, म्हणूनच आधी मिकूचं ऐका.

शेवटी इसाओ तोमिता यांची ‘इहातोव्ह सिम्फनी’. केन्जी मियाझावांच्या साहित्यावरची ही रचना नोव्हेंबर २०१२ मध्ये टोकियोत सादर झाली, तेव्हा तोमिता ८० वर्षांचे होते. ऑर्केस्ट्रानं यंत्राच्या ठोक्यावर चालावं हे त्यांना मंजूर नव्हतं. त्यांनी मिकूलाच कंडक्टरच्या छडीमागून गायला लावलं. तेव्हा ‘आमच्या वयाला हे झेपत नाही’ ही सबब चालणार नाही.

सगळ्या गाण्यांचे शब्द देवनागरीत, अर्थासह, सोबत जोडलेत. हेडफोन लावून ऐका, आणि एका दिवशी एकच. ‘हात्सुने मिकू नो शोशित्सु’ नावाचं अतिवेगवान गाणं कुणी पाठवलं, तर तूर्त बाजूला ठेवा.

गणपतीत मंडईत याल तेव्हा शिव्या समोरासमोर द्या. फक्त संगीतकाराचं नाव घेऊन द्या, मिकूला देऊ नका.

तुमची पुतणी