सिरिंजचा जेसीबी आणि कुलूपबंद लॅब

मागच्या महिन्यात मेडिकलवाल्याकडे बिनसुईच्या आठ सिरिंज मागितल्या. त्याने आधी माझ्याकडे रोखून पाहिलं. म्हटलं, "बाबा रे, लेकीला रोबोटचा हात बनवायचाय!"

पनवेलच्या पोरांनी विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापणारी यंत्रं पाहिलीत. सिरिंजच्या हाताचं तत्त्व तेच, पास्कलचा नियम. लहान सिरिंज दाबली की नळीतलं पाणी मोठ्या सिरिंजचा दट्ट्या ढकलतं. व्यास दुप्पट तर जोर चौपट, पण सरकणार पाव अंतर. फुकट काही मिळत नाही!

पुठ्ठ्याचा पहिला हात वाकला. मग लेकीने कॉम्प्युटरवर भाग आखले आणि नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात ३ मिमी एमडीएफमधून लेझरने कापून घेतले. खाचा ढिल्या झाल्या, कारण लेझर थोडं लाकूड जाळतो. खाचा अरुंद करून पुन्हा कापलं. मग नळीत हवेचा बुडबुडा राहिला. हवा दाबली जाते, पाणी नाही, त्यामुळे हात नुसता थरथरायचा. बादलीत बुडवून नळ्या भरल्या, तेव्हा कुठे त्याने खोडरबर उचललं.

दर वेळच्या कापणीचे पैसे मी दिले. तिच्या मैत्रिणीचा हात मात्र पुठ्ठ्यावरच थांबला. चूक करून पुन्हा कापायची सोय तिच्याकडे नव्हती.

आता खरी गोष्ट. त्यांच्याच शाळेत थ्रीडी प्रिंटरसकट लॅब आहे. शाळेचं नाव घेत नाही. खोलीला कुलूप. विचारलं तर उत्तर, "मुलं मोडतील." अटल टिंकरिंग लॅबसाठी केंद्र सरकार शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान देतं. ते काय कुलपासाठी?

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२ पासून फॅब लॅब आहे, जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. गावातली मुलं यंत्रं हाताळत शिकतात. खेड्यात जमतं, ते २०१६ पासून महानगरपालिका असलेल्या पनवेलला का जमू नये?

मागणी साधी आहे. पालिकेने एक सार्वजनिक कार्यशाळा काढावी. एक लेझर कटर, एक जाणता माणूस, आणि रविवारी दार उघडं. शाळांनीही आहेत त्या लॅब उघडाव्यात. मोडलं तर दुरुस्त करायलाही मुलंच शिकतील.

तुमच्या मुलांच्या शाळेतली लॅब आठवड्यातून किती वेळा उघडते? आज घरी विचारा आणि खाली लिहा.