दादर ते डेक्कन, थांबत थांबत

मुंबई-पुणे रस्त्याविषयी इतके लिहून झाले आहे की आता त्यात नवे काय सांगणार, असे कोणालाही वाटावे. खंडाळ्याचा पाऊस, लोणावळ्याची चिक्की, ढगात बुडालेली ड्यूक्स नोजची टोके, सारे वाचकांच्या पाठ आहे. पण या रस्त्यावर माणूस जितका चालतो जवळजवळ तितकाच थांबतो, आणि त्या थांबण्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आमच्या घरी नवी मोटार आली आणि तिने हा विषय आमच्यापुढे आणून ठेवला. ही मोटार सिग्नलला उभी राहिली की आपणहून इंजिन बंद करते. ब्रेकवरचा पाय उचलला की आपणहून चालू करते. समोरच्या फळीवर वर्तुळात ‘ए’ अक्षर उजळते आणि गाडीत एकदम अशी शांतता पसरते की मागे बसलेल्या आईच्या पिशवीतला कागदसुद्धा वाजलेला ऐकू येतो.

पहिल्याच दिवशी आई म्हणाली, “बंद पडली का रे? उतरायचं का आम्ही?”

सगळा प्रकार समजावून सांगितल्यावर तिचे मत पडले की यात नवे काहीच नाही. आणि ते खरे होते. दादर टी. टी. वरून पुण्याच्या टॅक्सीने तिने वर्षानुवर्षे प्रवास केला आहे. त्या काळ्यापिवळ्या फियाटचे चालक लाल दिवा दिसला की किल्ली फिरवून इंजिन गप्प करीत. कोणता सिग्नल किती वेळ खातो, हे त्यांना घड्याळावाचून ठाऊक असे. आडव्या रस्त्याची वर्दळ ओसरू लागली की त्यांचा हात किल्लीकडे जाई, आणि हिरवा दिवा लागायच्या आत गाडी धडधडू लागे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि ती जात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पेट्रोल वाचवण्याची ती विद्या आता यंत्राने उचलली आहे, एवढेच. यंत्रही तसे कालचे नाही. जपानात टोयोटाने १९७० च्या दशकातच आपल्या क्राउन मोटारीला अशी सोय करून पाहिली होती. आपल्याकडे २०१५ साली मारुतीच्या सियाझमध्येही ती आली, आणि मध्यम वर्गाच्या बैठकीत ‘तुमची बंद होते का हो सिग्नलला?’ हा प्रश्न ऐकू येऊ लागला.

फरक आहे तो इतकाच की टॅक्सीवाल्याला आपण का थांबलो आहोत ते कळत असे. यंत्राला फक्त थांबलो आहोत एवढे कळते.

हा फरक दादरहून निघाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत पदरात पडतो. किंग्ज सर्कलच्या उद्यानाला वळसा घालण्यासाठी आपण क्षणभर थबकतो. उजवीकडून येणाऱ्या बसमागे एक फट दिसते. तिच्यात शिरायचे तर आत्ता. नेमके तेव्हाच इंजिन डोळे मिटते. पाय उचलावा, तर ते जागे व्हायला अर्धा-पाऊण सेकंद घेते. कागदावर अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही. किंग्ज सर्कलला तेवढ्यात ती फट दुसऱ्याने भरलेली असते, आणि मागचा गृहस्थ हॉर्न वाजवून आपल्या सात पिढ्यांची चौकशी करतो. हॉर्नवरून आठवले : २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी दाखवलेल्या एका प्रयोगात, आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागत. वाजवा आणखी, थांबा आणखी! हिंदमाता चौकही त्या प्रयोगात होता. तो कायमचा राहिला असता तर हिंदमात्याला लोकांनी बिऱ्हाडे थाटली असती.

माझा पुतण्या गाडी चालवतो. त्याने किंग्ज सर्कललाच निकाल दिला, “काका, हे काढूनच टाकू.”

काढणे म्हणजे काय, हेही सांगायला हवे. ही व्यवस्था बंद करायला एक बटण असतेच. पण ते दाबल्याने ती कायमची जात नाही. पुढच्या वेळी गाडी सुरू केली की पुन्हा जागी होते. त्याला कारण आहे. गाडी लिटरला किती जाते हे प्रयोगशाळेत मोजताना उभे राहण्याचे क्षणही कसोटीत धरलेले असतात, आणि तो कागदावरचा आकडा ही व्यवस्था चालू ठेवून मिळवलेला असतो. तेव्हा ती चालू असणे हाच गाडीचा मूळ स्वभाव ठरतो. यावर गॅरेजवाल्यांकडे तोड आहे. बटणाच्या वायरीत एक लहानशी डबी जोडतात. ती मागच्या वेळची आज्ञा लक्षात ठेवते. पुतण्याने अशी डबी आणूनही ठेवली होती. मी तिला हात लावू दिला नाही, कारण वायरीला बाहेरची गाठ पडली की हमी नाकारायला कंपनीला आयते निमित्त मिळते.

त्याचा दुसरा मुद्दा असा की इतक्यांदा चालू-बंद करून इंजिनाचे आयुष्य घटते. हे मात्र पटण्यासारखे नाही. अशा गाड्यांचा स्टार्टर मुळातच अधिक वेळा फिरण्यासाठी मजबूत केलेला असतो आणि बॅटरीही वेगळ्या जातीची असते. ती बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा महाग पडते, ही खरी रड. आणि पैसे वाचवायला तिच्या जागी साधी बसवली तर ती लवकर मान टाकते. बाकी हिशेब सरळ आहे. मोटारीचे इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. पुन्हा चालू करायला लागते ते इतके थोडे, की दहा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर बंद करणे फायद्याचे. मुंबईत २०२१ च्या मे महिन्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हापासून हा हिशेब कोणाला समजावून द्यावा लागत नाही.

पण माझे मन वळले ते हिशेबाने नव्हे. चेंबूरच्या अलीकडे एका लांबलचक सिग्नलला गजरे विकणारी एक मुलगी गाड्यांच्या रांगेतून फिरत होती. वय आठ-नऊ. गाड्यांची धुराडी जिथे असतात, बरोबर त्या उंचीला तिचे तोंड. आमचे इंजिन बंद होते म्हणून आईला तिचे बोलणे ऐकू आले. काच खाली करून तिने दोन गजरे घेतले. शेजारच्या तिन्ही गाड्या धुमसत होत्या. आईला दमा आहे. तिने काच लगेच वर केली. त्या मुलीला वर करायला काच नव्हती. दिल्ली सरकारने २०२० च्या ऑक्टोबरात लाल दिव्याला गाडी बंद करा म्हणून मोहीम काढली आणि चौकाचौकांत फलक घेऊन स्वयंसेवक उभे केले, तेव्हा आम्ही घरी बसून हसलो होतो. त्या सिग्नलला कोणी हसले नाही.

आता दुसरी बाजू. वाशीचा पूल ओलांडला, पनवेल मागे टाकले, की द्रुतगती मार्गावर हा प्रश्नच उरत नाही. तिथे थांबणे नाही तर बंद होणे कसले? पण तो मे महिन्यातला शनिवार होता. खालापूरचा टोलनाका सोडून आडोशी बोगद्याच्या आसपास आलो आणि सारी मुंबई आमच्या पुढे उभी असलेली दिसली. चार हात पुढे सरकायचे, थांबायचे. इंजिन बंद, चालू, बंद, चालू. आमच्यासारख्या गाडीत इंजिन थांबले की थंड हवा करणारा काँप्रेसरही थांबतो. पंखा तेवढा फिरत राहतो, आणि दोन मिनिटांत आतली हवा ओल्या फडक्यासारखी होते. फार तापले म्हणजे यंत्र आपणहून इंजिन सुरू करते खरे, पण ते त्याच्या मताने. ऐंशी वर्षांच्या दमेकरी बाईच्या मताने नव्हे. बाहेर चढावर ट्रक काळा धूर ओकत होते, काच उघडायची सोय नव्हती. आईने पदर नाकाला लावला आणि ती बोलेनाशी झाली. तिचे बोलणे थांबणे हे आमच्या घरी इंजिन बंद पडण्यापेक्षा गंभीर समजतात.

पुतण्याने मागे वळून तिच्याकडे एकदा पाहिले आणि बटण दाबले. मी काही बोललो नाही. सौभाग्यवतीने पिशवीतून फवाऱ्याचे औषध काढून दिले. इंजिन एकसारखे चालू राहिले, गार हवा येऊ लागली, आणि पंधरा-वीस मिनिटांनी आईने विचारले, “अमृतांजनचा पूल गेला का?” तो १८३० सालचा पूल २०२० च्या एप्रिलमध्ये पाडला, हे तिला ठाऊक आहे, तरी ती दर खेपेला विचारते. माझ्या जिवात जीव आला.

या घाटाची आणखी एक जुनी खोड सांगून ठेवतो, कारण पुष्कळ लोक दोन्हींची गल्लत करतात. पूर्वी पुण्याहून उतरताना काही चालक पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडून देत. ते निव्वळ जिवाशी खेळणे. इंजिनाचा अटकाव जातो, सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात, आणि आजच्या गाडीत इंजिन बंद असता ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन वेळा दाबल्यावर संपते. ही नवी व्यवस्था तसले काही करीत नाही; गाडी थांबल्यावर, फार तर अगदी थांबता थांबता, ती इंजिन बंद करते.

संध्याकाळी चांदणी चौकात उतरलो. तिथला नवा उड्डाणपूल २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. पूर्वी तिथेच अर्धा तास जाई. कर्वे रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो जात होती आणि नळस्टॉपला आकडा उलटा मोजणारा लाल दिवा लागला होता. नव्वद. आमची गाडी गप्प झाली, आणि पाहतो तो भोवतालच्या निम्म्याअधिक स्कूटरी आणि मोटारसायकलीही गप्प! काहींची इंजिने आपणहून बंद होणारी असतील. २०१४ साली स्प्लेंडरच्या एका नमुन्यात ती सोय आली आणि पुढे स्कूटरींतही आली. पण बहुतेकांनी हाताने किल्ली फिरवली होती. पुणेकर दुसऱ्याला काही देताना हात आखडता घेतो म्हणतात, तसा धूर देतानाही घेतो. कोणी रुमालाची गाठ सैल केली, कोणी शेजाऱ्याशी गव्हाच्या भावावर बोलू लागले. आकडा पाचावर आला आणि सगळी इंजिने एकदम जागी झाली.

ती डबी अजून गाडीच्या खणात आहे. पुतण्याने ती परत केलेली नाही आणि बसवलेलीही नाही. शहरात तो यंत्राला आपले काम करू देतो. गोल चौकात ब्रेक हलकेच दाबून ठेवतो, म्हणजे आमच्या गाडीचे इंजिन झोपत नाही. ही युक्ती त्याला आठवड्याभरात साधली. घाटाची जबाबदारी मात्र आईने स्वतःकडे घेतली आहे. खालापूर मागे पडले की मागच्या आसनावरून आवाज येतो, “आडोशी आलं, दाब रे ते.”